कमी झालेले वजन कमीच राहावे म्हणून: कार्डिओ व्यायाम नव्याने सुरू करणाऱ्यांसाठी

वजन कमी करायचे ठरले की बहुतेकांचे पहिले पाऊल ट्रेडमिलवर किंवा जवळच्या मैदानावर पडते. महिनाभर नेमाने चालूनही काटा जेमतेम अर्धा किलो सरकला, की तेच लोक ‘चालून काही होत नाही’ असे म्हणून बूट कपाटात ठेवतात. सुरुवातीची अपेक्षा आणि नंतरचा निष्कर्ष या दोन्हींत गफलत आहे. वजन उतरवण्याचे बरेचसे काम आहाराने होते, आणि उतरलेले वजन पुन्हा चढू न देण्याच्या कामात कार्डिओचा वाटा फार मोठा असतो. मात्र ही सवय वजन उतरल्यानंतर लावू म्हटले तर ती सहसा लागत नाही, म्हणून तिची सुरुवात पहिल्या आठवड्यापासूनच, पण वेगळ्या हेतूने करावी लागते. तो हेतू डोळ्यांपुढे ठेवून सुरुवात कशी करावी, हे या लेखात क्रमाने सांगितले आहे.

कार्डिओ म्हणजे शरीरातील मोठे स्नायू सलग काही मिनिटे हलते ठेवणारा आणि त्यामुळे नाडी व श्वास दोन्ही वाढवणारा कोणताही व्यायाम. भरभर चालणे, जॉगिंग, सायकल, पोहणे, जिने चढणे आणि दोरीवरच्या उड्या हे सारे त्यात येते. अर्धा तास मन लावून खेळलेली लेझीमही त्यात धरायला हरकत नाही. दुकानाच्या पाट्या वाचत, ओळखीच्या माणसांशी थांबून बोलत केलेली शतपावली मात्र धरता येणार नाही. तिचे फायदे वेगळे आहेत आणि त्यांच्याकडे पुढे वळू.

आधी हिशेब समजून घ्या

शांत बसलेले असताना माणूस दर किलो वजनामागे दर तासाला सुमारे १ कॅलरी खर्च करतो. ताशी साडेपाच किलोमीटर वेगाने चालताना हा खर्च साधारण सव्वाचार पट होतो, आणि ताशी ८ किलोमीटरने पळताना आठपटीच्या थोडा वर जातो. ७० किलो वजनाची व्यक्ती ४५ मिनिटे भरभर चालली, तर एकूण सुमारे २२० कॅलरी खर्च होतात. मात्र तेवढा वेळ ती खुर्चीत बसली असती तरी पन्नासेक कॅलरी गेल्याच असत्या, म्हणून चालण्यामुळे झालेला जादा खर्च १७० च्या आसपास भरतो. एका वडापावात साधारण ३०० कॅलरी असतात, हे लक्षात घेतले की पाऊण तासाची चाल संपवून कोपऱ्यावरच्या गाडीपाशी थांबण्याचा परिणाम वेगळा सांगावा लागत नाही.

एक किलो चरबीत साधारण ७,७०० कॅलरी साठलेल्या असतात. आठवड्यातून पाच दिवस अशी पाऊण तासाची चाल ठेवली आणि खाण्यात काहीही बदल केला नाही, तर आठवड्याला ८५० कॅलरी जादा खर्च होतील आणि एक किलो उतरायला नऊ आठवडे लागतील. हेही कागदावरचे गणित झाले. प्रत्यक्षात व्यायाम वाढला की भूक थोडी वाढते, शिवाय सकाळी चालून आल्याच्या समाधानात माणूस उरलेला दिवस जरा जास्तच बसून काढतो. टांझानियातील हाड्झा हे आजही शिकार आणि कंदमुळांवर जगणारे लोक आहेत. हर्मन पाँट्झर आणि सहकाऱ्यांनी त्यांचा दिवसाचा ऊर्जाखर्च मोजून २०१२ साली प्रसिद्ध केला. शरीराचा आकार लक्षात घेतल्यावर तो शहरी पाश्चात्त्य लोकांच्या खर्चाहून फारसा वेगळा निघाला नाही. हालचाल वाढली की शरीर इतरत्र काटकसर करू लागते, असा अर्थ पाँट्झर यांनी त्यातून काढला. ही काटकसर नेमकी किती असते यावर अभ्यासकांत मतभेद आहेत, पण व्यायामाचे सगळेच श्रम वजनात उतरत नाहीत एवढे त्यातून निश्चित होते.

म्हणजे निव्वळ व्यायामाने वजन उतरतच नाही, असे नव्हे. अमेरिकेत २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या एका चाचणीत तरुण, स्थूल स्त्री-पुरुषांना आहाराचे कोणतेही बंधन न घालता दहा महिने, आठवड्यातून पाच दिवस देखरेखीखाली व्यायाम दिला होता. दर वेळी ४०० कॅलरी खर्च करणाऱ्यांचे वजन सरासरी ३.९ किलोने आणि ६०० कॅलरी खर्च करणाऱ्यांचे ५.२ किलोने घटले. मात्र ८० किलोच्या माणसाला भरभर चालून ४०० कॅलरी खर्चायला तासाहून अधिक वेळ लागतो, आणि हे काम दहा महिने चालले होते. नोकरी, घर आणि मुलांचा अभ्यास सांभाळून नव्याने सुरुवात करणाऱ्याने या आकड्यांवर विसंबून आहाराकडे दुर्लक्ष करणे शहाणपणाचे नाही.

मग कार्डिओ नेमका कुठे कामी येतो

समजा, ८० किलोच्या व्यक्तीने आहार सांभाळून दहा किलो वजन उतरवले. शरीर लहान झाल्यामुळे त्याचा रोजचा ऊर्जाखर्चही घटतो. अमेरिकेतील संशोधक केव्हिन हॉल आणि सहकाऱ्यांच्या अंदाजानुसार, कमी झालेल्या प्रत्येक किलोमागे हा खर्च दिवसाला २० ते ३० कॅलरींनी उतरतो आणि भूक मात्र दिवसाला सुमारे १०० कॅलरींनी वाढते. दहा किलोंच्या हिशेबाने खर्चातली तूट दिवसाला २०० ते ३०० कॅलरींची होते आणि भूक रोज मागच्या वजनाकडे ओढत राहते. वजन उतरवलेल्या माणसाची दोन-तीन वर्षांत जी पीछेहाट होते, तिचे खापर आपल्याकडे इच्छाशक्तीवर फोडले जाते. वास्तविक तो माणूस या दुहेरी ओढीविरुद्ध रोज झगडत असतो.

आता ७० किलोच्या या व्यक्तीने रोज एक तास भरभर चालल्यास काय होते ते पाहा. तिचा जादा खर्च सुमारे २३० कॅलरी होतो. म्हणजे दहा किलो उतरवल्यामुळे खर्चात पडलेली तूट जवळजवळ भरून निघते. वजन उतरवताना तुटपुंजा वाटणारा हाच आकडा वजन टिकवताना नेमका पुरेसा ठरतो. वाढलेल्या भुकेचा बंदोबस्त तरीही ताटातच करावा लागतो, पण खर्चाची बाजू सावरल्यामुळे ताटात फार कठोर राहावे लागत नाही.

अनुभवाचा पुरावाही याच दिशेने जातो. रीना विंग आणि जेम्स हिल यांनी १९९४ साली अमेरिकेत एक नोंदवही सुरू केली. किमान १३.६ किलो वजन उतरवून ते वर्षभर टिकवलेल्या लोकांची माहिती तिच्यात गोळा होते. या लोकांचे आहार वेगवेगळे आहेत, पण त्यांतील सुमारे ९० टक्के लोक सरासरी रोज एक तास व्यायाम करतात, आणि त्यात चालणे सर्वांत पुढे आहे. हे लोक स्वतःहून नाव नोंदवणारे आहेत, त्यामुळे चालल्यानेच त्यांचे वजन टिकले असे या नोंदींवरून सिद्ध होत नाही. वजन घटवण्याच्या एका अमेरिकी दूरचित्रवाणी स्पर्धेतील १४ स्पर्धकांची सहा वर्षांनंतर तपासणी झाली, तिच्यातही असेच चित्र दिसले. ज्यांनी आपली शारीरिक हालचाल सर्वांत जास्त वाढवून ठेवली होती, त्यांचेच वजन बऱ्यापैकी खाली राहिले होते.

पहिली पायरी: बूट चढवण्यापूर्वी

छातीत दुखणे, थोड्याशा श्रमाने धाप लागणे, चक्कर येणे, हृदयविकाराचा किंवा पक्षाघाताचा पूर्वेतिहास यांपैकी काहीही असल्यास डॉक्टरांचा सल्ला घेतल्याशिवाय सुरुवात करू नये. मधुमेहासाठी इन्सुलिन किंवा साखर झपाट्याने उतरवणाऱ्या गोळ्या घेणाऱ्यांनी व्यायाम आणि औषधाच्या वेळा डॉक्टरांकडून जुळवून घ्याव्यात आणि चालायला जाताना खिशात साखर किंवा ग्लुकोज ठेवावे. गरोदरपणात, तसेच गुडघ्यांची झीज बरीच झाली असल्यासही आधी विचारून घेणे बरे.

त्यानंतर तीन मोजमापे वहीत लिहून ठेवावीत: कंबरेचा घेर, सकाळी अंथरुणातून उठण्यापूर्वीची नाडी आणि सपाट रस्त्यावर एक किलोमीटर भरभर चालायला लागणारा वेळ. वजन चौथ्या क्रमांकावर ठेवावे, आणि यामागे आपल्या लोकांपुरते एक खास कारण आहे. पुण्याच्या के. ई. एम. रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि ब्रिटिश शास्त्रज्ञ जॉन युडकिन यांचे एक छायाचित्र २००४ साली ‘लॅन्सेट’मध्ये छापून आले होते. उंचीच्या तुलनेत वजन मोजणारा बीएमआय दोघांचाही २२.३ होता, पण शरीरातील चरबीचे प्रमाण युडकिन यांच्यात ९.१ टक्के, तर याज्ञिकांमध्ये २१.२ टक्के होते. भारतीय माणूस दिसायला सडपातळ असूनही पोटाच्या आत चरबी बाळगून असू शकतो. म्हणूनच भारतीयांसाठी अतिवजनाची मर्यादा बीएमआय २३ आणि स्थूलतेची २५ अशी खाली आणलेली आहे, तर कंबरेचा घेर पुरुषांमध्ये ९० आणि स्त्रियांमध्ये ८० सेंटिमीटरच्या आत असावा असे मानले जाते.

हे इथे सांगण्याचे कारण असे, की पोटाच्या आतली ही चरबी कार्डिओने कमी होते आणि कधी कधी तर वजनाचा काटा जागचा न हलताही कमी होते. केवळ काट्याकडे पाहणाऱ्याला हा बदल कळत नाही. टेपने मोजणाऱ्याला कळतो.

दुसरी पायरी: प्रकार निवडणे

सर्वांत जास्त कॅलरी कशात जळतात, हा प्रश्न नवख्याने बाजूला ठेवावा. तीन वर्षांनंतर, कामाच्या घाईतही आपण जे करत असू असे वाटते, ते निवडावे. माझे मत विचाराल तर दहांपैकी आठ जणांसाठी याचे उत्तर भरभर चालणे हेच आहे: फी नाही, यंत्र नाही, वयाची अट नाही आणि दुखापतीची शक्यताही कमी. पुण्यात वेताळ टेकडी किंवा हनुमान टेकडी, मुंबईत मरीन ड्राइव्ह किंवा शिवाजी पार्कचा कट्टा, कोल्हापुरात रंकाळा अशी ठिकाणे जवळ असतील तर उत्तमच. नसतील तर सोसायटीच्या आवारातल्या फेऱ्याही तितक्याच उपयोगी आहेत. वाहत्या रस्त्याच्या कडेने, धुरात चालणे शक्यतो टाळावे.

वजन बरेच जास्त असताना पळणे आणि दोरीवरच्या उड्या यांनी सुरुवात करू नये. पळताना दर पावलाला शरीराच्या वजनाच्या दुपटी-तिपटीचा भार पायांवर आदळतो, आणि नडगी, टाच, गुडघा यांपैकी काहीतरी पहिल्या महिन्यातच तक्रार करू लागते. गुडघे आधीच दुखत असतील तर पोहणे किंवा सायकल अधिक सुसह्य ठरते. घरी उभी सायकल असून तिच्यावर टॉवेल वाळत असतील, तर ती मोकळी करायला ही वेळ चांगली आहे.

खर्च मात्र एका गोष्टीवर करावा, ती म्हणजे बूट. टाचेखाली पुरेशी गादी असलेले आणि पुढे बोटांना अंगठाभर जागा ठेवणारे बूट घ्यावेत. ते संध्याकाळी विकत घ्यावेत, कारण दिवसभराच्या उभे राहण्याने पाय थोडे सुजलेले असतात आणि मापाचा खरा अंदाज तेव्हाच येतो.

तिसरी पायरी: किती जोराने

जोर मोजण्याचे सर्वांत सोपे साधन म्हणजे आपला आवाज. चालताना सोबतच्या माणसाशी पूर्ण वाक्य बोलता येत असेल, पण आरती म्हणू पाहिल्यास मध्येच दम तुटत असेल, तर तो मध्यम जोर झाला. दोन-चार शब्दांनंतर थांबून श्वास घ्यावा लागत असेल तर तो तीव्र जोर, आणि आरतीची सगळी कडवी आरामात म्हणता येत असतील तर वेग वाढवावा.

नाडी मोजायची असल्यास २०८ मधून वयाच्या ०.७ पट वजा करावे. हा झाला नाडीच्या कमाल वेगाचा अंदाज. पंचेचाळिशीच्या व्यक्तीसाठी हा आकडा साधारण १७६ येतो आणि त्याच्या ६४ ते ७६ टक्के, म्हणजे मिनिटाला ११३ ते १३४ ठोके हा मध्यम जोराचा पट्टा ठरतो. रक्तदाबाच्या किंवा हृदयाच्या काही औषधांनी, विशेषतः बीटा ब्लॉकर गटातील गोळ्यांनी, नाडी मुळातच कमी राहते. अशांनी हे गणित सोडून बोलण्याच्या कसोटीवरच भर द्यावा. मनगटावरच्या घड्याळाची नाडी बहुधा ठीक असते, कॅलरीच्या आकड्यावर मात्र विश्वास ठेवू नये. अमेरिकेतील स्टॅनफर्ड विद्यापीठात २०१७ साली अशी सात उपकरणे तपासली, तेव्हा त्यांतल्या सर्वांत अचूक उपकरणाची कॅलरीतली चूकही सरासरी २७ टक्के निघाली. घड्याळाने ४०० दाखवले म्हणून ४०० कॅलरींचे खाणाऱ्याची फसगत इथूनच सुरू होते.

चौथी पायरी: पहिले तीन महिने

पहिल्या दोन आठवड्यांत रोज १५ ते २० मिनिटे चालावे आणि मनात अजून चालण्याची हौस शिल्लक असतानाच घरी परतावे. या काळात वेळ आणि जागा यांचे बस्तान बसवणे एवढेच उद्दिष्ट ठेवावे. सकाळ चांगली की संध्याकाळ, या चर्चेत शिरू नये. जी वेळ घरातले लोक मोडणार नाहीत ती चांगली. उपाशीपोटी चालल्याने चरबी जास्त जळते ही समजूतही सोडून द्यावी, कारण दिवसभराचे खाणे सारखेच असेल तर महिन्याअखेरीस त्याने काही फरक पडत नाही. सकाळी रिकाम्या पोटी चालणे सोयीचे वाटत असेल तर तसे जरूर करावे, आणि गळल्यासारखे होत असेल तर अर्धे केळे खाऊन निघावे.

तिसऱ्या आठवड्यापासून दर आठवड्याला प्रत्येक फेरीत चार-पाच मिनिटांची भर घालावी आणि सहाव्या आठवड्यापर्यंत आठवड्यातले पाच दिवस, प्रत्येकी ३० मिनिटांवर यावे. यामुळे आठवड्याची १५० मिनिटे होतात. जागतिक आरोग्य संघटनेने २०२० साली प्रौढांसाठी आठवड्याला १५० ते ३०० मिनिटे मध्यम किंवा ७५ ते १५० मिनिटे तीव्र व्यायामाची शिफारस केली आहे, आणि आपण तिच्या खालच्या टोकाला पोहोचलेले असतो. ही ३० मिनिटे सलग मिळत नसतील तर सकाळी १५ आणि रात्रीच्या जेवणानंतर १५ अशी विभागली तरी चालतील. जेवणानंतरच्या १०-१५ मिनिटांच्या चालण्याने रक्तातील साखरेची उसळी कमी राहते, त्यामुळे मधुमेहाच्या उंबरठ्यावर असलेल्यांनी तर हा भाग चुकवूच नये. शतपावलीचे खरे स्थान हेच.

सातव्या ते बाराव्या आठवड्यात वेळ ४५ मिनिटांपर्यंत न्यावा आणि आठवड्यातून दोन दिवस जोराचे तुकडे घालावेत: दोन मिनिटे जवळजवळ पळण्याइतक्या वेगाने, मग तीन मिनिटे सावकाश, असे पाच वेळा. टेकडीचा चढ हाताशी असेल तर तोच हे काम करून देतो. अशा तीव्र व्यायामानंतर तासन्‌तास चरबी जळत राहते असा प्रचार बराच होतो. तसा जादा खर्च होतो हे खरे, पण तो व्यायामातल्या खर्चाच्या तुलनेत लहानसाच असतो. जोराच्या तुकड्यांचा खरा लाभ दमसास वाढण्यात आहे, कारण दम वाढला की तेवढ्याच वेळात अधिक अंतर कापले जाते आणि चालणे कंटाळवाणे होत नाही.

याच काळात आठवड्यातून दोन दिवस स्नायूंच्या ताकदीचा व्यायाम जोडावा. खाणे कमी केल्याने उतरणाऱ्या वजनात चरबीबरोबर स्नायूही जातात, आणि ते वाचवण्याचे काम एकटा कार्डिओ नीट करू शकत नाही. खुर्चीवरून हात न टेकता उठणे-बसणे, भिंतीवरचे आणि पुढे जमिनीवरचे जोर, बैठका, पाण्याच्या भरलेल्या बाटल्या उचलणे एवढ्यावर वीस मिनिटे सहज निघतात. त्याला ताटातून साथ हवी. महाराष्ट्रीय शाकाहारी जेवणात पोळी-भात पुरेसा आणि प्रथिने अपुरी, हा दोष सर्रास आढळतो. म्हणून प्रत्येक जेवणात उसळ, घट्ट वरण, दही, पनीर, अंडी किंवा मासे यांपैकी एक तरी गोष्ट वाटीभर असावी, आणि तेवढ्या प्रमाणात भात किंवा पोळी कमी करावी.

पाचवी पायरी: भरपाईचे खाणे ओळखणे

पश्चिम बंगालमधील ताग गिरणीतल्या कामगारांचा अभ्यास जीन मेयर आणि सहकाऱ्यांनी १९५६ साली प्रसिद्ध केला. हलक्या कामापासून जड कामाकडे जावे तसे कामगारांचे खाणे श्रमांच्या प्रमाणात वाढत गेलेले दिसले, यात नवल नाही. नवल पुढे होते: अगदी बैठे काम करणारे लोक हलके काम करणाऱ्यांपेक्षा जास्त खात होते आणि त्यांची वजनेही जास्त होती. अगदीच हालचाल नसली तर भुकेचा अंदाज सुटतो, असे त्यावरून म्हणता येईल. म्हणजे बैठ्या माणसाने मध्यम चालायला सुरुवात केली, तर त्याची भूक आटोक्यात येण्याची शक्यता असते. मात्र एका वेळच्या मोठ्या श्रमांनंतर उलटे घडते, आणि त्याला भुकेपेक्षा ‘आज कमावले आहे’ ही भावना अधिक जबाबदार असते. रविवारी सिंहगड चढून वर कांदाभजी, पिठले-भाकरी आणि मडक्यातले दही खाणे हा आनंदाचा भाग आहे आणि तो कुणी सोडावा असे मी म्हणणार नाही, फक्त त्याची नोंद वजन उतरवण्याच्या खात्यात करू नये.

रोजच्या बाबतीत दोन नियम पुरेसे आहेत. चालून आल्यावर पाणी प्यावे आणि अर्धा तास काही खाऊ नये. त्यानंतर जे नेहमीचे जेवण किंवा न्याहारी असेल तीच घ्यावी. तासाभराच्या चालण्यासाठी बाजारातली गोड एनर्जी ड्रिंक्स लागत नाहीत. उन्हाळ्यात मीठ घातलेले पातळ ताक त्याहून बरे. दुसरे असे, की उरलेल्या दिवसातली हालचाल कमी होऊ देऊ नये. चालायला लागल्यापासून लिफ्ट आणि रिक्षा वाढली असेल तर सकाळच्या मेहनतीतला बराच भाग तिथेच गेला, असे समजावे.

काटा थांबला किंवा वर गेला तर

पहिल्या दोन-तीन आठवड्यांत वजन थोडे वाढू शकते. नव्या श्रमांनी स्नायूंत सूक्ष्म इजा होते आणि तेथे पाणी साठते. शिवाय स्नायू साखरेचा साठा वाढवू लागतात आणि त्या साठ्यासोबतही पाणी धरले जाते. स्त्रियांच्या बाबतीत पाळीच्या चक्रानुसार एक-दोन किलोंचा चढउतार वेगळाच असतो. म्हणून एका दिवसाच्या आकड्याला महत्त्व न देता आठवड्याची सरासरी काढावी आणि चार आठवड्यांच्या सरासऱ्या शेजारी-शेजारी ठेवून पाहाव्यात. या सरासऱ्या खरोखरच थांबल्या असतील तर आधी ताटाकडे पाहावे: चहातली साखर, वरून घेतलेले तेल-तूप, चव पाहण्याच्या नावाखाली गेलेले घास. दिवसातून चार कप चहा, प्रत्येकी दोन चमचे साखर, एवढ्यानेच १३० ते १६० कॅलरी होतात, आणि हा आकडा ४५ मिनिटांच्या चालण्यातल्या जादा खर्चाच्या अगदी जवळ जातो.

सहावी पायरी: वजन उतरल्यानंतर

ठरवलेले वजन गाठले की लोक व्यायाम सैल करतात, आणि खरे तर तो वाढवण्याची वेळ तीच असते. उतरलेले वजन टिकवण्यासाठी अमेरिकन कॉलेज ऑफ स्पोर्ट्‌स मेडिसिनने २००९ साली आठवड्याला २०० ते ३०० मिनिटांचा सल्ला दिला होता. पाच दिवस प्रत्येकी ५० मिनिटे धरली तर २५० मिनिटे होतात. बारा आठवड्यांत ४५ मिनिटांपर्यंत पोहोचलेल्याला हे अंतर फार मोठे नाही. ही सवय आधीपासून लावण्याचा आग्रह याचसाठी होता. वजन उतरवत असताना शून्य व्यायाम करणाऱ्याला त्या दिवशी अचानक २५० मिनिटे शोधावी लागतात, आणि तीही वाढलेल्या भुकेशी सामना करत.

हा टप्पा वर्षांचा असतो, महिन्यांचा नाही, आणि आपल्याकडे त्याचे दोन शत्रू ठरलेले आहेत. पहिला पावसाळा. जून ते सप्टेंबर बाहेरची चाल वरचेवर बुडते, म्हणून घरातला पर्याय मे महिन्यातच ठरवून ठेवावा. इमारतीचे जिने हा त्यातला सर्वांत दमदार पर्याय आहे. चढताना जोर लावावा, आणि गुडघे नाजूक असतील तर उतरताना लिफ्ट वापरावी. दुसरा पर्याय सूर्यनमस्कारांचा. औंध संस्थानचे राजे बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांनी गेल्या शतकाच्या पूर्वार्धात त्यांचा हिरिरीने प्रसार केला होता. संथ गतीने, प्रत्येक आसनात थांबून घातलेले नमस्कार लवचिकतेसाठी चांगले, पण त्यांनी नाडी फारशी चढत नाही. न थांबता, लयीत घातले तर दहा-बारा मिनिटांत धाप लागते आणि ते कार्डिओच ठरतात. विदर्भ-मराठवाड्यात पावसाऐवजी उन्हाळा हीच अडचण आहे, आणि तिथे पहाटे साडेपाचची वेळ किंवा घरातला व्यायाम यांना पर्याय नाही.

दुसरा शत्रू म्हणजे गणपतीपासून दिवाळीपर्यंतचा काळ. या दिवसांत वजन उतरवण्याचे ध्येय ठेवूच नये, आहे तेवढे राखायचे ठरवावे, आणि चालणे मात्र एकही आठवडा पूर्ण बंद पडू देऊ नये.

त्याबरोबर एक रेघ आखून ठेवावी. गाठलेल्या वजनापेक्षा साप्ताहिक सरासरी दोन किलोंनी वर गेली, की त्याच आठवड्यात दोन गोष्टी सुरू कराव्यात: रोजच्या चालण्यात दहा मिनिटांची भर आणि रात्रीच्या जेवणातला भात किंवा एक पोळी कमी. दोन किलो परतवायला महिना-दीड महिना पुरतो. सहा किलो होईपर्यंत काट्याकडे पाठ फिरवली तर पुन्हा पहिल्या पायरीपासून यावे लागते.

ताप, प्रवास किंवा घरातल्या एखाद्या प्रसंगामुळे दोन-तीन आठवडे खंड पडला असेल, तर पूर्वीच्या निम्म्या वेळाने पुन्हा सुरुवात करावी आणि दर आठवड्याला दहा मिनिटे वाढवत मूळ वेळेवर यावे. डेंग्यू किंवा चिकुनगुन्यानंतर थकवा आणि सांधेदुखी बराच काळ रेंगाळते. तेव्हा सांधे सुजलेले असताना जोर लावू नये. सपाट जागेवर सावकाश, दहा-दहा मिनिटांच्या दोन फेऱ्या माराव्यात, आणि सकाळची विश्रांतीची नाडी पूर्वीच्या आकड्याजवळ येईपर्यंत चढ आणि जोराचे तुकडे दूर ठेवावेत.